घराची किंमत कोणत्या तारखेची? ग्रँड फोर्क्सचा पूर आणि एका छोट्या नगरपालिकेचा निर्णय

(गावाचं नाव आणि शासकीय निर्णय सार्वजनिक नोंदीतले आहेत. रहिवाशांची ओळख पटेल असं काही इथे दिलेलं नाही. एका घराच्या हिशेबातले आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, ते कुणा एका कुटुंबाचे नाहीत.)

पार्श्वभूमी

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, अमेरिकेच्या सीमेला जवळजवळ टेकून, ग्रँड फोर्क्स वसलं आहे. 2016 च्या जनगणनेत लोकसंख्या 4,049. आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते. तिथे ही 1897 पासूनची सिटी आहे. एक मेयर आणि सहा कौन्सिलर, मुदत चार वर्षांची. स्वतःच्या विहिरींवर चालणारी पाणीयोजना आहे आणि वीजवितरणही नगरपालिकेचं स्वतःचं आहे. प्रांतात अशी जेमतेम पाच गावं-शहरं आहेत. वीज स्वतःची असणं ही पुढे हिशेबात येणारी गोष्ट आहे, म्हणून आधीच सांगितली.

गाव दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. ग्रॅन्बी उत्तरेकडून मोनाशी डोंगरातून येते. केटलचा प्रवास जास्त वाकडा: तीही मोनाशीतच उगम पावते, मिडवे गावाशी सीमा ओलांडून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात जाते, वळसा घालून ग्रँड फोर्क्सपाशी पुन्हा कॅनडात शिरते, गावात ग्रॅन्बीला पोटात घेते आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा अमेरिकेत उतरून कोलंबिया नदीला मिळते. याचा व्यवहारातला परिणाम असा की केटलचं पाणी गावाकडे किती वेगाने येतंय हे सांगणारं वरच्या अंगाचं मापक केंद्र फेरी इथे, म्हणजे दुसऱ्या देशात आहे. ते अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था चालवते. ग्रॅन्बीवरचं केंद्र कॅनडाचं. गावाच्या आपत्कालीन कक्षाला दोन देशांचे दोन आलेख शेजारी ठेवून संगमाचा अंदाज बांधावा लागतो.

खोरं सपाट आणि सुपीक आहे. 1909 च्या सुमारास रशियातून आलेल्या दुखोबोर पंथाच्या लोकांनी इथे सामूहिक शेती उभी केली, त्यांचे वंशज आजही गावात आहेत. त्याच सुमारास, 1900 ते 1919, इथे तांबं वितळवण्याची प्रचंड भट्टी होती. तिच्या काळ्या मळीचे ढीग ग्रॅन्बीकाठी अजून दिसतात. पुराच्या काळात रोजगार लाकूड गिरणी, खनिज-लोकरीचा उष्णतारोधक बनवणारा कारखाना, शाळा-दवाखाना आणि महामार्ग क्रमांक 3 वरची दुकानं यांतून येत होता. जमीन स्वस्त कुठे होती? नदीकाठी. त्यामुळे निवृत्तिवेतनावर जगणारी माणसं, भाडेकरू, पहिलं घर घेणारी कुटुंबं रकल, जॉन्सन फ्लॅट्स अशा सखल भागांत जमली. पुराचा नकाशा आणि उत्पन्नाचा नकाशा बऱ्याच प्रमाणात एकमेकांवर बसत होते.

नगरपालिकेची हद्द संपते तिथे रीजनल डिस्ट्रिक्ट ऑफ कूटने बाउंड्रीची सुरू होते. ही अनेक गावं आणि मधला ग्रामीण भाग मिळून बनलेली संस्था. ग्रामीण भागाला प्रभागनिहाय एकेक निवडून आलेला संचालक असतो. पुरात सापडलेली मॅनली मेडोज ही वस्ती या ग्रामीण ‘एरिया डी’मध्ये येते. पाणी हद्द बघत नाही, पण भरपाईचा अर्ज, बांधकामाचा परवाना आणि घर विकत घेण्याचा अधिकार हे तिन्ही हद्दीप्रमाणे बदलतात.

मे 2018

या खोऱ्यात पूर पावसाळ्यात येत नाही. डोंगरावरचा बर्फ मे-जूनमध्ये वितळतो तेव्हा नद्या भरतात, आणि दरवर्षीच भरतात. 2018 मध्ये तीन गोष्टी एकाच आठवड्यात जुळल्या. मेच्या सुरुवातीला बाउंड्री भागातला बर्फसाठा सरासरीच्या दुपटीहून जास्त होता. मग उष्णतेची लाट आली, खालच्या आणि वरच्या उंचीवरचा बर्फ एकदमच सुटला. आणि त्या भिजलेल्या बर्फावर जोराचा पाऊस पडला. नुसतं ऊन असतं तर रात्री वितळणं मंदावतं, नदीला श्वास घ्यायला वेळ मिळतो. पाऊस ती रात्रीची सवलत काढून घेतो.

10 मेच्या आसपास दोन्ही नद्या कळसाला पोचल्या. 1948 चा पूर हा तोवरचा उच्चांक होता; त्याहून पाणी सुमारे 60 सेंटीमीटर वर गेलं. परिसरातल्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली, शेकडो घरांत पाणी शिरलं, बाजारपेठेतली दुकानंही बुडाली.

नुकसान फक्त काठावरून आलेल्या पाण्याने झालं नाही. गाव वाळू-गोट्यांच्या थरावर उभं आहे, त्याखाली मोठा भूजलसाठा आहे. नदी चढली की भूजलही चढतं, आणि जिथे वाळूच्या पोत्यांची भिंत शाबूत होती तिथेही तळघरं खालून भरली. पावसाचं पाणी नदीत सोडणाऱ्या नळांतून नदीच उलटी गावात येते. अशा मुखांना एकतर्फी झडप हवी, आणि झडप बंद झाली की आत साचलेलं पाणी उपसायला पंप हवा. झडप लावली आणि पंप विसरला, तर बांधाच्या आत तळं होतं. पुढे पर्याय मोजताना हा मुद्दा वारंवार आला.

तारखेचाही एक योगायोग. ब्रिटिश कोलंबियात प्रत्येक नगरपालिकेने पाच वर्षांचा अर्थसंकल्पी आराखडा आणि घरपट्टीचे दर 15 मेपूर्वी मंजूर करायचे असतात. पूर त्याच आठवड्यात आला. शिवाय घरपट्टीसाठी मालमत्तेची किंमत आदल्या वर्षीच्या 1 जुलैची आणि घराची अवस्था आदल्या 31 ऑक्टोबरची धरतात. म्हणजे 2018 ची बिलं निघाली ती 2017 च्या कोरड्या, धडधाकट घरांची. ज्यांच्या भिंतींचं प्लास्टर कमरेपर्यंत कापून काढलं होतं, त्यांच्या नावावरही पूर्ण किमतीची पट्टी होती. किंमत कोणत्या दिवशीची धरायची, हा प्रश्न या गावाला इथेच पहिल्यांदा भेटला.

प्रश्न काय होता

चिखल काढणं, वाळवणं, तात्पुरता निवारा ही कामं रेड क्रॉस, रीजनल डिस्ट्रिक्ट आणि नगरपालिका यांनी मिळून केली. अवघड प्रश्न त्यानंतरचा: सखल भागातल्या वस्त्या पुन्हा जागेवर उभ्या राहू द्यायच्या का?

2003 च्या कायदेबदलानंतर पूरक्षेत्रात बांधकामाचे नियम ठरवण्याची जबाबदारी प्रांताने बरीचशी नगरपालिकांवर सोपवली. प्रांताकडे मार्गदर्शक सूचना राहिल्या. त्यांनुसार 200 वर्षांतून एकदा येण्याची शक्यता असलेला पूर धरायचा आणि त्यावर 0.3 ते 0.6 मीटर जादा उंची ठेवायची. (महाराष्ट्रात निळी रेषा 25 वर्षांच्या आणि लाल रेषा 100 वर्षांच्या पुराची, यावरून हे माप किती कडक आहे ते कळेल.) ‘200 वर्षांतून एकदा’ ऐकलं की माणूस निश्चिंत होतो. हिशेब असा: दर वर्षी अर्धा टक्का शक्यता, आणि 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत सुमारे 14 टक्के. सातात एक. आणि हे हवामान बदलत नाही असं गृहीत धरून.

एवढं सगळं ठरवायचं होतं चार हजार लोकांच्या नगरपालिकेने. कायद्याने तिला तुटीचा अर्थसंकल्प मांडता येत नाही. दीर्घ मुदतीचं कर्ज काढायचं तर मतदारांची संमती लागते: एकतर थेट मतदान, नाहीतर हरकती मागवण्याची पद्धत, ज्यात 10 टक्के मतदारांनी विरोधी अर्ज भरले की कर्ज अडतं किंवा मतदानाला जावं लागतं. या गावात 10 टक्के म्हणजे तीनशेच्या आसपास माणसं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. प्रांताची आपत्ती मदत घ्यायची, घरं दुरुस्त करायची, पुढच्या पुराची वाट बघायची. त्या वेळचा मदतीचा नियम होता: मान्य नुकसानीतून पहिले 1,000 डॉलर वजा, उरलेल्याच्या 80 टक्के, कमाल 3 लाख डॉलर. 90,000 डॉलरच्या मान्य नुकसानीवर 71,200 डॉलर मिळतात. ही मदत राहत्या घराला आणि गरजेच्या वस्तूंना असते, आणि पुराचा विमा मिळू शकत होता तिथे मिळत नाही. मुख्य म्हणजे ती घर होतं तसं करण्यासाठी आहे. गाव सोडून दुसरीकडे घर घेण्यासाठी ती नाही, आणि पुढच्या वेळी तेच घर बुडणार नाही याची हमी तर नाहीच.

दुसरा, घरं उंच करण्याचा. घर जॅकवर उचलून खाली नवा पाया बांधता येतो. लाकडी चौकटीची घरं असल्याने हे तिथे नवलाचं नाही. पण तळघर सोडावं लागतं, घर गरम ठेवणारी भट्टी आणि विजेचा फलक वरच्या मजल्यावर न्यावा लागतो, आणि पुरात रस्ता बुडालेलाच राहतो. घर कोरडं, माणूस अडकलेला. रुग्णवाहिका पोचू शकत नाही अशा गल्लीत वृद्ध रहिवासी ठेवणं हा धोका घर उचलून जात नाही.

तिसरा, सगळ्या सखल भागांभोवती बांध. लोकांची पहिली मागणी हीच होती, आणि स्वाभाविक होती. इथे जरा थांबून हिशेब करण्यासारखा आहे, कारण बांध म्हटला की डोळ्यांसमोर भिंत येते, प्रत्यक्षात तो जमिनीचा रुंद पट्टा असतो. प्रांताच्या मापाप्रमाणे माथा किमान 4 मीटर रुंद, म्हणजे पुराच्या वेळी वरून यंत्र जाऊ शकेल. उंची 2 मीटर आणि दोन्ही बाजूंना 3:1 उतार धरला तर प्रत्येक बाजूला 6 मीटर. पायथा झाला 16 मीटर. पायथ्यापासून साडेसात मीटर बांधकाम नको, म्हणजे दोन्ही बाजू धरून आणखी 15. एकूण 31 मीटरचा पट्टा. जुन्या वस्तीतल्या एका प्लॉटची खोली जवळपास एवढीच असते. म्हणजे वस्ती वाचवायला बांधलेला बांध नदीकडच्या पहिल्या रांगेतली घरं खाऊनच उभा राहतो.

त्यात आणखी दोन अडचणी. वाळू-गोट्यांच्या जमिनीवर बांधाखालून पाझर होतोच, त्यामुळे तळघरांचा प्रश्न सुटत नाही. आणि नदीला एका काठावर अडवलं की तेच पाणी समोरच्या काठावर आणि वरच्या अंगाला चढतं. बेचक्यातल्या गावात दोन्ही नद्यांच्या दोन्ही काठांना बांध घालणं म्हणजे नदीला नळात कोंडणं. तिला पसरायला कुठेतरी जागा द्यावीच लागते.

चौथा पर्याय म्हणूनच पुढे आला: काही वस्त्या विकत घेऊन मोकळ्या करायच्या, ती जमीन नदीला परत द्यायची, आणि त्यामुळे मिळालेल्या जागेच्या जोरावर बाजारपेठ आणि उरलेल्या वस्त्यांना बांध घालायचे. रकल भागातल्या नॉर्थ रकल या वस्तीवर हीच पाळी येणार होती. अभियांत्रिकीच्या बाजूने याला फारसं उत्तर नव्हतं. एका वस्तीचं नसणं हा दुसऱ्या वस्तीच्या बांधाचा भाग होता. ही गोष्ट नॉर्थ रकलच्या लोकांना नेमकी कळत होती आणि तिथेच त्यांचा मुद्दाही होता: आमच्या जाण्याने अख्खं गाव वाचणार असेल, तर त्याची किंमत आम्ही एकट्यांनी का मोजायची?

पैसा

संघ सरकारने 2018 मध्येच आपत्ती-निवारणाच्या मोठ्या बांधकामांसाठी निधी सुरू केला होता. त्याची अट: प्रकल्प किमान 2 कोटी डॉलरचा हवा, आणि नगरपालिकेच्या प्रकल्पात केंद्राचा वाटा जास्तीत जास्त 40 टक्के. छोट्या गावाला 2 कोटींची अट उलटी सोयीची पडली, कारण बांध, वस्ती मोकळी करणं, काठाचं दगडी अस्तर, पाणथळ जागा असं सगळं एकाच अर्जात बांधावं लागलं. सुटे सुटे प्रकल्प असते तर प्रत्येक वेगळ्या रांगेत अडकला असता.

दरम्यान 20 ऑक्टोबर 2018 ला प्रांतभर स्थानिक निवडणुका झाल्या. पुराच्या वेळचे मेयर पायउतार झाले, ब्रायन टेलर निवडून आले. अर्ज तयार होत असतानाच कौन्सिल बदललं. 2019 च्या जूनमध्ये मंजुरी जाहीर झाली: केंद्र, प्रांत आणि नगरपालिका मिळून सुमारे 5 कोटी डॉलर, त्यात केंद्राचे जवळपास 2 कोटी, नगरपालिकेचा हिस्सा त्या मानाने लहान. पूर आणि मंजुरी यांच्यात 13 महिने गेले होते.

या 13 महिन्यांत एका घराचं काय होतं ते पाहा. समजा पुराआधी घर अडीच लाख डॉलरचं, त्यावर 1 लाख 60 हजारांचं कर्ज बाकी. पुरानंतर मालकासमोर दोन रस्ते. मदतीच्या पैशांतून दुरुस्ती केली, तर वर्षभराने तेच घर पाडण्यासाठी विकत घेतलं जाऊ शकतं. 80 टक्के सोडून उरलेला खर्च आणि अंगमेहनत वाया. दुरुस्ती थांबवली, तर एक थंडी बिनवापराची जाते, पाइप गोठून फुटतात, भिंतीत बुरशी धरते आणि किंमत आणखी उतरते. आता मूल्यांकनात 1 लाख 20 हजार आले. विक्रीत बँकेचं देणं आधी फेडावं लागतं. घर गेलं, जमीन गेली, आणि वर 40 हजारांचं कर्ज उरलं. पुराआधीच्या किमतीने खरेदी झाली असती तर त्याच माणसाच्या हातात 90 हजार आले असते. दोन तारखांमधला फरक: 1 लाख 30 हजार.

निर्णय

लोकांची समजूत होती की किंमत पुराआधीची मिळेल. वरच्या सरकारांकडून आलेला पैसा मात्र पुरानंतरच्या बाजारभावाच्या हिशेबात बसणारा होता. भूमिका अशी की दुरुस्तीसाठी आपत्ती मदत आधीच दिली आहे, खरेदीत पुन्हा तेच नुकसान भरून दिलं तर एकाच हानीची दोनदा भरपाई होते. कागदावर हा युक्तिवाद टिकतो. ज्याने दुरुस्तीची मदत घेतलीच नाही किंवा ज्याच्या दाव्यातला मोठा भाग नामंजूर झाला, त्याच्या बाबतीत तो टिकत नाही.

कौन्सिलपुढे तीन वाटा होत्या. फरकाची रक्कम गावाने स्वतः भरायची: वर काढलेला फरक सुमारे 100 मालमत्तांना लावला तर 1 कोटी 30 लाख डॉलरच्या आसपास जातो. एवढं कर्ज गावाला न पेलणारं, आणि त्यासाठी मत मागायचं ते नेमकं ज्यांची घरं कोरडी राहिली त्यांच्याकडे. दुसरी वाट, योजना नाकारून पुन्हा वाटाघाटी. त्यात बांधाचेही पैसे जाण्याची भीती. तिसरी, पुरानंतरची किंमत स्वीकारायची आणि तूट वस्तुरूपाने भरण्याचा प्रयत्न करायचा: नगरपालिकेच्या मालकीचे उंचावरचे प्लॉट, घर उचलून तिथे नेण्याची सोय.

सक्तीचं संपादन हा चौथा मार्ग कायद्यात होता. पण तिथेही भरपाई संपादनाच्या दिवशीच्या बाजारभावाने ठरते, स्थलांतराचा खर्च वरून मिळतो, आणि प्रक्रिया लांबते. तारीख तिथेही पुरानंतरचीच.

2019 च्या उन्हाळ्यात कौन्सिलने पुरानंतरच्या किमतीचा मार्ग धरला. रहिवाशांनी निदर्शनं केली, सभा तापल्या. इथे एक प्रक्रियेची गोष्ट अधिक त्रासाची ठरते. जमीनखरेदीच्या चर्चा नगरपालिकेला कायद्याने बंद दाराआड घेता येतात, कारण एका मालकाची वाटाघाट दुसऱ्यापुढे उघडी पडू नये. कारण रास्त आहे. पण धोरण आणि वाटाघाट या दोन गोष्टी एकाच बंद बैठकीत गेल्या, तर बाहेर फक्त निकाल येतो. ‘कोणत्या तारखेची किंमत’ हे धोरण आहे. ते उघड्या सभेत ठरायला हवं. ‘अमुक घराला किती’ ही वाटाघाट. ती बंद खोलीत शोभते.

प्रत्यक्ष काम

खरेदीचा क्रम साधारण असा चालतो: स्वतंत्र मूल्यांकन, मालकाला प्रस्ताव, मालकाचा वकील, बँकेकडून गहाणाची मुक्तता, मग ताबा. ताबा मिळताच वीज तोडायची, पाण्याची जोडणी मुख्य नळापाशी बंद करायची आणि सांडपाण्याची नळी रस्त्याच्या कडेला बुच मारून बंद करायची. हे शेवटचं काम हलगर्जीने झालं तर पुढच्या पुरात मोकळ्या प्लॉटमधल्या उघड्या नळीतून नदी थेट सांडपाण्याच्या जाळ्यात शिरते आणि कोरड्या गल्लीतल्या घरांत उलटी येते. आधी ॲस्बेस्टॉसची तपासणी, मग तोडफोड. जुन्या घरांत ते फरशीखाली आणि छताच्या भरावात सापडतं. धडधाकट घरं हलवण्यासाठी विकली गेली, बाकीची पाडली. घर ट्रेलरवर जाणार असेल तर वाटेतल्या विजेच्या तारा उचलाव्या लागतात. वीज नगरपालिकेचीच असल्याने निदान गावाच्या हद्दीत ती परवानगी बाहेरून आणावी लागत नाही.

एक मात्र लक्षात ठेवण्यासारखं: वस्ती तुकड्या-तुकड्याने रिकामी होते. वीस घरांच्या गल्लीत पंधरा गेली तरी उरलेल्या पाचांसाठी रस्त्यावरचा बर्फ काढावा लागतो, दिवे चालू ठेवावे लागतात, नळ वाहता ठेवावा लागतो. उत्पन्न घरागणिक कमी होतं, खर्च गल्लीगणिक कमी होतो. घरपट्टीबरोबर विजेचा ग्राहकही जातो, हा फटका स्वतःची वीज नसलेल्या गावाला बसत नाही.

बांधाच्या कामाला प्रांताच्या बांध निरीक्षकाची मान्यता लागते. नदीपात्रातलं काम मासे अंडी घालतात तो काळ टाळूनच करता येतं, आणि मे-जूनमध्ये पाणीच एवढं असतं की यंत्र उतरत नाही. वर्षातला उरलेला वेळ अरुंद. त्या फटीच्या आधी जमीन हातात आली नाही, तर बांध सरळ एक वर्ष पुढे जातो.

निष्पत्ती

नॉर्थ रकलची वस्ती उठली आणि ती जमीन पूरमैदान म्हणून मोकळी ठेवण्याच्या योजनेत गेली. बाजारपेठ आणि इतर भागांसाठी बांध व काठ मजबुतीची कामं झाली. 2020 च्या मे अखेरीस वादळी पावसाने नद्या पुन्हा चढल्या, शेकडो घरं खाली करण्याचे आदेश निघाले; पाणी 2018 इतकं आलं नाही. काही रहिवाशांनी त्याच वर्षी वेगळाच प्रश्न न्यायालयात नेला: वरच्या पाणलोटात सरसकट झाडं तोडल्याने पूर वाढला असा दावा प्रांतावर आणि लाकूड कंपन्यांवर. उघड्या डोंगरावर बर्फ जास्त साठतो आणि सावली नसल्याने लवकर, एकदम वितळतो, हा त्यामागचा शास्त्रीय मुद्दा. नगरपालिकेच्या हातात मात्र खोऱ्याचा फक्त तळ आहे. वरचं जंगल बहुतेक प्रांताच्या मालकीचं.

2021 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या 4,112 भरली, म्हणजे गाव ओस पडलं नाही. वस्ती उठलेली माणसं त्यातच आहेत का, हे जनगणना सांगत नाही. स्वस्त घरांचा साठा कमी झाला आणि त्याच किमतीत उंचावर घर मिळणं कठीण, एवढं बाजार बघूनच कळतं. भाडेकरूंचा विचार तर सर्वांत शेवटी आला. खरेदी मालकाशी होते, घर मात्र भाडेकरूही हरवतो.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठा बदल पहिल्या सहा आठवड्यांतला. खरेदीची शक्यता दिसताच कौन्सिलने संभाव्य वस्त्यांची हद्द उघडपणे जाहीर करून तिथे मोठ्या दुरुस्तीऐवजी फक्त कोरडं ठेवण्याचं काम सुचवायला हवं. त्याबरोबर प्रांताकडून लेखी घ्यावं की दुरुस्ती न केलेल्या मालकाचा मदतीचा हक्क गोठवला जाईल, बुडणार नाही. ही हद्द जाहीर केल्याने किमती पडतात हा आक्षेप खरा आहे. मूल्यांकनाची तारीख त्याच ठरावात बांधली तर पडझडीचा परिणाम प्रस्तावावर होत नाही.

दुसरं, अर्जात किमतीचा आधार स्पष्ट लिहिणं. वरच्या सरकारांकडे 13 महिन्यांनी ‘आधीची किंमत’ मागणं अवघड, कारण तोवर आकडा मंजूर झालेला असतो. पहिल्याच अर्जात पुराआधीची किंमत वजा मिळालेली आपत्ती मदत असं सूत्र मांडलं असतं, तर दुहेरी भरपाईचा आक्षेप तिथेच संपतो. आपल्या उदाहरणातल्या घराला (त्याचं मान्य नुकसान वरच्यासारखं 90,000 धरून) अडीच लाख वजा 71,200, म्हणजे 1 लाख 78 हजार 800 मिळाले असते: बँक फिटते आणि हातात 18,800 उरतात. अडीच लाखांचं नवं घर त्यात येत नाही, पण माणूस कर्जात गाव सोडत नाही.

तिसरं हद्दीचं. नगरपालिका आणि रीजनल डिस्ट्रिक्ट यांचं मदतकार्य एकत्र होतं, खरेदीचे नियम मात्र एका नकाशावरच्या दोन रंगांसारखे वेगळे राहिले. पुराआधीच दोन्ही संस्थांनी एक करार करून ठेवता येतो: सामाईक पूररेषा, सामाईक मूल्यांकनकर्ता, सामाईक तारीख.

आणि एक अगदी साधं काम, जे कोणत्याही नदीकाठच्या नगरपालिकेला या वर्षीच करता येईल. सखल भागातल्या प्रत्येक घराच्या जोत्याची उंची मोजून नोंदवून ठेवायची. सर्वेक्षकाच्या दोन माणसांच्या चमूला शे-दीडशे घरांना एखादा आठवडा पुरतो. सोबत घराचा बाहेरून-आतून फोटो, भट्टी आणि वीजफलक कुठे आहे त्याची नोंद, आणि मालकाची सही. पूर ओसरल्यावर ‘पुराआधी घर कसं होतं’ यावर भांडण होतं तेव्हा मूल्यांकनकर्त्यापुढे ठेवायला हा एक कागद असतो, आणि त्यावर तारीख असते.